क्रियापद कुणाचं ऐकतं?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला आणि सेवेची पाच वर्षांहून जास्त मुदत उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणं आलं. पंधरा-वीस वर्षं वर्गावर उभी असलेली माणसं त्यामुळे पुन्हा व्याकरणाची वही उघडून बसली आहेत. टीईटीच्या पेपरात १५० पैकी ३० गुण पहिल्या भाषेचे. त्यात ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ आणि ‘प्रयोग ओळखा’ हे प्रश्न नेहमीचेच, आणि नेमके तेच चुकतात. याद्या पाठ असतात, पण पेपरात शब्द यादीतल्या जागेवर बसलेला नसतो, तो वाक्यात काहीतरी काम करत असतो.

कोल्हापुरातल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात शोभतील अशी दोन वाक्यं घ्या.

पैलवानाने कुस्ती जिंकली.
पैलवान कुस्ती हरला.

कुस्ती तीच, पैलवान तोच. तरी जिंकताना त्याला ‘ने’ लागला आणि हरताना लागला नाही. जिंकताना क्रियापद स्त्रीलिंगी झालं, हरताना पुल्लिंगी. लहानपणापासून मराठी बोलणारा कुणीही इथे चुकत नाही, मात्र ‘असं का?’ विचारलं की अडखळतो. त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी पाया पक्का करू.

## तांबडा वाढू का पांढरा?

‘तांबडा’ शब्दाची जात कोणती? बहुतेक जण ‘विशेषण’ म्हणून मोकळे होतात. आता ही दोन वाक्यं बघा.

तांबड्या रश्शात मीठ कमी पडलंय.
तांबड्यात मीठ कमी पडलंय.

पहिल्या वाक्यात ‘तांबड्या’ हा शब्द रश्शाविषयी माहिती सांगतो, म्हणून तो विशेषण. ‘त’ हा प्रत्यय रश्शाला लागलाय, तांबड्याला नाही. विशेषणाने फक्त ‘तांबडा’चं ‘तांबड्या’ करून नामापुढे वाट करून दिली. दुसऱ्या वाक्यात रस्सा गायब आहे, आणि ‘त’ थेट तांबड्याला चिकटलाय. विभक्तीचा प्रत्यय स्वतःच्या अंगावर घेणं हे नामाचं काम. म्हणून इथला ‘तांबडा’ नाम. कोल्हापुरात जेवायला बसलेला माणूस ‘तांबडा द्या’ म्हणतो तेव्हा तो रंग मागत नसतो, वाटी मागत असतो.

यातून हाताशी धरायची गोष्ट एकच: शब्दाची जात वाक्यात ठरते. एकच बाई शाळेत शिक्षिका, घरी आई आणि एसटीत प्रवासी असते, तसंच हे. ‘ही बाई कोण?’ या प्रश्नाला ती कुठे काय करतेय हे बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

## आठ जाती, झटपट

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती मानतात. नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद या चार विकारी, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती, काळ यांनुसार रूप बदलणाऱ्या. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ही चार अव्ययं, म्हणजे रूप न बदलणारी.

इथे चौकस विद्यार्थी हटकतोच. ‘कडू’ विशेषण आहे ना? मग कडू कारलं, कडू भाजी, कडू काढा, कुठे बदललं? शंका अगदी रास्त आहे. विशेषणांपैकी मुख्यतः आकारान्तच बदलतात: चांगला, चांगली, चांगलं. ‘कडू’, ‘सुंदर’, ‘लाल’ तशीच राहतात. ‘विकारी’ हे लेबल पूर्ण जातीचं आहे, जातीतल्या प्रत्येक शब्दाचं नाही. म्हणून ‘रूप बदलत नाही, म्हणजे अव्ययच’ अशी उलटी उडी मारू नका.

अव्ययांपैकी उभयान्वयी जोडतं (आणि, पण, म्हणून, की) आणि केवलप्रयोगी वाक्याबाहेर उभं राहून भावना बोलून टाकतं (अरेरे, वा, छे). ‘नाद खुळा!’ हे शब्दशः बघितलं तर नाम आणि विशेषण. पण जोतिबाच्या डोंगरावरून खालचा देखावा बघून कुणी तेवढंच म्हणतो, तेव्हा ते केवलप्रयोगीचं काम करतं. पुन्हा तेच, काम बघायचं.

खरी गल्लत होते ती क्रियाविशेषण आणि शब्दयोगी यांत. ‘वर धुकं आहे’ यातला ‘वर’ एकटा उभा आहे, धुकं कुठे ते सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. ‘पन्हाळ्यावर धुकं आहे’ यातल्या ‘वर’ने पन्हाळ्याचा हात धरलाय, म्हणून तो शब्दयोगी. हात धरल्याची खूण नामाच्या अंगावर दिसते: ‘पन्हाळा’चं ‘पन्हाळ्या’ झालं. प्रत्यय किंवा शब्दयोगी लागण्यापूर्वी नामाचं जे रूप होतं त्याला सामान्यरूप म्हणतात. ‘च’, ‘ही’, ‘पण’, ‘सुद्धा’, ‘मात्र’, ‘देखील’ ही मंडळी मात्र सामान्यरूप न करताच जोडली जातात: पन्हाळाही, पन्हाळासुद्धा. यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात.

हे कळलं की फलकांवरची एक सर्रास चूक आपोआप दिसू लागते. ‘दुकाना मध्ये’, ‘रस्त्या वर’, ‘शाळे समोर’ असं तोडून लिहिलेलं जागोजागी दिसतं. मोबाइलच्या कळपाटावर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते, त्याने ही सवय आणखी वाढली. ‘दुकाना’, ‘रस्त्या’, ‘शाळे’ हे शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत. सामान्यरूप झालं याचाच अर्थ पुढचं काहीतरी त्याला चिकटायला हवं.

## एक धातू, सारं कुटुंब

क्रियापद म्हणजे ‘क्रिया दाखवणारा शब्द’ ही व्याख्या अर्धीच. ‘तोडणी’ हा शब्द क्रियाच दाखवतो, पण तो क्रियापद नाही. क्रियापदाचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे: ते वाक्य पूर्ण करतं.

हंगामात कोल्हापूर जिल्ह्यात कुठेही ऐकू येईल असं वाक्य घ्या: ‘काल तोडून आणलेला ऊस कारखान्याच्या दारात उभा आहे.’ क्रिया दाखवणारे शब्द तीन, तोडून, आणलेला, आहे. क्रियापद मात्र एकच, ‘आहे’. ‘काल तोडून आणलेला ऊस’ एवढंच बोलून थांबलात तर समोरचा ‘हं, त्याचं काय?’ विचारणार. ‘तोडून’ आणि ‘आणलेला’ हे धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मूळ शब्दापासून, झाले, पण क्रियापदाची खुर्ची त्यांना मिळाली नाही. अशांना धातुसाधितं म्हणतात.

‘तोड’ या धातूचं कुटुंबच मांडून बघू. तोडतो, तोडला, तोडेल, तोडावा, ‘चल, तोडू’ यातला तोडू: ही वाक्य पूर्ण करणारी रूपं, म्हणजे क्रियापदं. धातूला काळ किंवा आज्ञा-इच्छा दाखवणारे जे प्रत्यय लागतात त्यांना आख्यात प्रत्यय म्हणतात, आणि त्यांची नावं त्यांच्या अक्षरावरूनच पडली आहेत: ‘त’ असेल तर ताख्यात, ‘ल’ असेल तर लाख्यात, ‘व’ असेल तर वाख्यात. दुसऱ्या बाजूला तोडणं आणि तोडणी नामाचं काम करतात. तोडणारा, तोडलेला, तोडायचा विशेषणाचं. तोडून, तोडताना क्रियाविशेषणाचं. ‘तोडणाऱ्यांना पाणी दे’ यात ‘तोडणारा’ पुन्हा नाम होऊन बसला, तांबड्यासारखाच.

आता या जोडीत फरक शोधा.

त्यांनी सगळा ऊस तोडून टाकला.
त्यांनी सगळा ऊस तोडून गाडीत टाकला.

दुसऱ्या वाक्यात ऊस खरोखर उचलून टाकला: दोन क्रिया, ‘टाकला’ एकटं क्रियापद, ‘तोडून’ धातुसाधित. पहिल्यात कुणी काही फेकलेलं नाही. काम एकदाचं उरकलं, एवढंच ‘टाकला’ सांगतो. त्याचा स्वतःचा अर्थ विरला आणि तो ‘तोडून’च्या मदतीला आला. धातुसाधित आणि असं सहायक क्रियापद मिळून एकच क्रिया दाखवतात, तेव्हा त्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. परीक्षेत हे ओळखताना शेवटच्या क्रियापदाला विचारा: तू खरंच ते काम केलंस का? ‘मुलं हसू लागली’, ‘पाऊस पडू दे’, ‘सामान आणून ठेव’. तिसऱ्यात गंमत आहे, कारण सामान खरंच कुठेतरी ठेवायचं असेल तर उत्तर वेगळं येईल.

## हुकूम कुणाचा?

आता कुस्तीकडे. मराठी वाक्यात क्रियापद कुणाचं ऐकतं, याला प्रयोग म्हणतात. एवढीच व्याख्या लक्षात ठेवा.

‘पैलवान डाव टाकतो, पैलवान पोरगी डाव टाकते.’ कर्ता बदलला, क्रियापद बदललं. हुकूम कर्त्याचा, म्हणून कर्तरी.

‘पैलवानाने डाव टाकला. पैलवानाने कुस्ती मारली. पैलवानाने मैदान मारलं.’ कर्ता तोच, पण क्रियापद डावामागे ‘ला’, कुस्तीमागे ‘ली’, मैदानामागे ‘लं’ होत गेलं. पैलवानाच्या जागी पोरगी आणा, ‘पोरीने डाव टाकला’, क्रियापद ढिम्म हलत नाही. हुकूम कर्माचा, म्हणून कर्मणी.

‘पैलवानाने प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं.’ इथे पैलवानाच्या अंगावर ‘ने’, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर ‘ला’. प्रत्यय लागलेल्या नामाचं क्रियापद ऐकत नाही. दोघांनाही प्रत्यय, मग ऐकायचं कुणाचं? कुणाचंच नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनी होऊन स्वस्थ बसतं. हा भावे.

भावे आणि कर्मणी यांची गफलत ‘लं’मुळे होते, कारण ‘मैदान मारलं’ यातही ‘लं’च आहे. उपाय सोपा, कर्म अनेकवचनी करा. ‘मैदानं मारली’, बदललं, म्हणजे कर्मणी. ‘प्रतिस्पर्ध्यांना चितपट केलं’, बदललं नाही, म्हणजे भावे.

प्रश्नपत्रिकेसमोर बसल्यावर क्रम असा ठेवा. आधी कर्ता बदलून बघा. क्रियापद हललं तर कर्तरी, काम संपलं. नाही हललं तर कर्म बदला. हललं तर कर्मणी, नाहीतर भावे. यात एक खाच आहे. ‘मुलगा जिंकेल, मुलगी जिंकेल’ यात काहीच हललं नाही, म्हणून भावे ठरवाल तर फसाल. भविष्यकाळाचं हे रूप लिंग दाखवतच नाही, वचन आणि पुरुष दाखवतं: मुलं जिंकतील, मी जिंकेन. म्हणजे कर्तरीच. तेव्हा कर्ता बदलताना लिंग, वचन, पुरुष तिन्ही बदलून बघायची.

दुसरी खाच ‘मी’ची. ‘मी कुस्ती जिंकली’ यात ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही म्हणून अनेक जण ‘कर्तरी’ लिहून येतात. ‘मी’च्या जागी तिसरा माणूस ठेवा: ‘त्याने कुस्ती जिंकली.’ लपलेला ‘ने’ बाहेर आला. मी, आम्ही, तू, तुम्ही यांची तृतीया अशी अदृश्य असते. ‘तू कुस्ती जिंकलीस’ मध्ये तर क्रियापद दोघांचं ऐकतं: ‘ली’ कुस्तीसाठी आणि ‘स’ तुझ्यासाठी. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

कर्माला ‘ला’ लागतो तेव्हा केवळ प्रयोग बदलत नाही, अर्थही सरकतो. ‘आईने मुलगी बघितली’ म्हटलं की घरात लग्नाची बोलणी चाललीत हे शेजाऱ्याला कळतं. ‘आईने मुलीला बघितलं’ यात फक्त नजर पडली. एवढा मोठा फरक एका ‘ला’वर उभा आहे, आणि आपण तो रोज बिनचूक सांभाळतो.

## मग ‘हरला’ला ‘ने’ का नाही?

कर्म असलेल्या धातूला ‘ल’ किंवा ‘व’ लागला की वाक्य कर्मणी किंवा भावे होतं, हा साधारण नियम. ‘जिंकली’ त्यात बसते. पण काही धातू कर्म घेऊनही कर्तरीच राहतात: हर, विसर, शिक, बोल, पी, जेव. म्हणून तो धडा शिकला, ती छत्री विसरली, पैलवान कुस्ती हरला. यांतल्या बऱ्याच क्रियांत वस्तूचं फारसं काही होत नाही, जे होतं ते करणाऱ्याचंच होतं, असं म्हणता येतं. तरीही ही यादी लक्षातच ठेवावी लागते.

फरक चाखायचा असेल तर चहाच्या कपाकडे बघा. ‘ती चहा प्यायली’, पण ‘तिने चहा घेतला’. कप एक, घोट तेच. ‘पी’ तिचं ऐकतो, ‘घे’ चहाचं.

इथेच हल्ली एक चूक झपाट्याने पसरतेय: ‘त्याने मला बोलला’, ‘तिने म्हणाली’. हिंदीत ‘उसने बोला’, ‘उसने कहा’ चालतं, त्याची ही सावली. मराठीत ‘तो मला बोलला’, ‘ती म्हणाली’, आणि ‘ने’ हवाच असेल तर ‘तिने म्हटलं’. म्हण धातूची ही दोन रूपं दोन वेगळे हुकूम पाळतात. त्यांची खिचडी दूरचित्रवाणीवरच्या निवेदनातही ऐकू येते, आणि मुलं तीच उचलतात, याचं वाईट वाटतं. लिहिताना आणखी एक सांभाळा: सांगितलं, मागितलं, बघितलं यांत ‘इ’ ऱ्हस्व. ‘सांगीतलं’ नव्हे.

## ‘मी आलो’ म्हणणारी बाई चुकते का?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात दोघी भेटल्या.

“कवा आलीस गं?”
“आत्ताच आलो की.”
“जेवलीस?”
“जेवून आलोय. येताना भाजी बी आणली.”

पुण्या-मुंबईकडचा माणूस ‘आलो’वर हसतो. ‘बाई असून आलो?’ आता आपल्याकडे तपासायचं साधन आहे, तपासू.

‘आलीस’, ‘जेवलीस’ पूर्ण स्त्रीलिंगी आहेत, म्हणजे कोल्हापुरी बोलीला लिंग कळतं. ‘आणली’ भाजीचं ऐकते, इथे पुणेकरीण आणि कोल्हापूरकरीण एकच रूप वापरतात, आणि कोल्हापूरचा बाप्याही ‘मी भाजी आणली’च म्हणतो. ‘येईन’ म्हटलं असतं तर तेही सगळीकडे सारखंच. फरक उरला तो एका छोट्या कोपऱ्यात: कर्तरी प्रयोग, प्रथमपुरुष, एकवचन, आणि ‘त’ किंवा ‘ल’ची रूपं. येतो, आलो. बस्स.

आता प्रमाण मराठीच अनेकवचनात काय करते बघा. चार मैत्रिणी म्हणतात ‘आम्ही आलो’, चार मित्रही म्हणतात ‘आम्ही आलो’. तिथे लिंगभेद नाही, आणि कुणी हसत नाही. प्रमाणभाषा जे ‘आम्ही’ला करते तेच कोल्हापूर ‘मी’लाही करतं. शेजारच्या कन्नडमध्ये ‘नानु बंदे’, म्हणजे मी आलो किंवा आले, बाई आणि बाप्या दोघांचं एकच. कोल्हापुरी रूपामागे या शेजाराचा हात असावा असं मानलं जातं. कारण काहीही असो, इथे नियम मोडलेला नाही, नियम वेगळा आहे आणि तो काटेकोर पाळला जातो. ‘ती आलो’ असं कुणी चुकूनही म्हणत नाही.

तसंच ‘गेलतो’, ‘आलती’, ‘केलतं’चं. गेलो होतो, आली होती, केलं होतं यांतला ‘हो’ गळून दोन शब्द एकात मिसळले. पण हुकमाची साखळी शाबूत आहे: ‘मी काम केलतं’, ‘मी भाजी केलती’. कर्म बदललं, रूप बदललं. कर्मणी प्रयोग जसाच्या तसा.

उलट सोलापूर आणि बेळगाव पट्ट्यात ‘मी काम केलो’ ऐकू येतं. तिथे ‘ल’चं रूपही कर्त्याचं ऐकू लागलंय, कन्नडसारखं. बोलीत तो तिथला नियम. प्रमाण लेखनात ‘मी काम केलं’.

## पण या आठ जाती आल्या कुठून?

‘हे सगळं इंग्रजीवरून घेतलेलं’ असा आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य आहे. प्राचीन संस्कृत परंपरेत यास्काने पदांचे चार वर्ग मानले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने दोनच: सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय घेणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय घेणारी). दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, तेव्हा समोर संस्कृत होतं आणि इंग्रजी व्याकरणंही. आठांची मांडणी युरोपीय परंपरेशी जुळते. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ग्रंथात या साऱ्याची बारकाईने छाननी केली.

म्हणून काही शब्द खोक्यात नीट बसत नाहीत. ‘मी पण येतो’ मधल्या ‘पण’ला शब्दयोगी म्हणतात, पण लिहिताना तो बहुधा सुटाच लिहिला जातो. वर्गात मुलाने यावर शंका काढली तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याकडून फळ्यावर तीन वाक्यं लिहून घ्या: ‘पण तो आला नाही’, ‘मी पण येतो’, ‘भीष्मांनी पण केला’. जोडणारा, चिकटणारा आणि शपथ घेणारा असे तीन ‘पण’ मूल स्वतःच वेगळे करतं.

राहिला प्रश्न ‘गेलतो’ उत्तरपत्रिकेत लिहावं का. निबंधाच्या कथनात ‘गेलो होतो’ लिहा, संवादात पात्र कोल्हापूरचं असेल तर ‘गेलतो’ बेलाशक लिहा. आणि प्रयोग ओळखायला ‘आम्ही पन्हाळ्यावर गेलतो’ आलं तर आधी त्याची फोड करा, ‘गेलो होतो’. मग कर्ता बदला, ‘ती पन्हाळ्यावर गेली होती’. क्रियापद हललं. कर्तरी.